शिबिराला लाऊडस्पीकर लागतोच

‘त्यात काय आहे?’ हे वाक्य चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही उच्चारलं नाही. सरकारी टेबलावर कोणतंही काम आलं की त्यात भलतंच काहीतरी आहे असा चेहरा करायचा असतो. तो मला उत्तम जमत असे, म्हणून तर मी ऑफिस सुपरिंटेंडेंट होऊन शाल-श्रीफळासह निवृत्त झालो. निवृत्तीनंतर दीड वर्षाने, एप्रिल महिन्यात, वरणभातावर लिंबू पिळता पिळता ते वाक्य माझ्या तोंडून निसटलं.

झालं असं की माझी नात गार्गी ताटावर बसून भराभर हातवारे करत होती. गार्गी दहा वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते, आणि इतकी बोलते की घास उचलायला हात रिकामा सापडत नाही. तिच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, मुग्धाला ती भाषा उत्तम येते. माझा मुलगा अर्णव अडखळत बोलतो. माझ्या पत्नीचं, ताराचं, स्वयंपाकघरापुरतं भागतं. मी मात्र मुग्धाच्या तोंडाकडे बघत बसतो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर माझा आणि नातीचा दहा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार योग्य मार्गाने, म्हणजे सुनेमार्फत झालेला आहे.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“शाळेला सुट्टी लागली,” मुग्धा म्हणाली. “मैत्रिणी आपापल्या घरी गेल्या. ती विचारते, आता जूनपर्यंत मी कोणाशी बोलायचं?”

आम्ही चौघं जण तिच्या अवतीभवती बसलो होतो. कोणी काही बोलेना. आणि अशी शांतता मला सहन होत नाही, हा माझा जुना दोष आहे.

“मैत्रिणींना इथेच बोलवू,” मी म्हणालो. “उन्हाळी शिबिर घेऊ. आपल्या ले-आउटमधली मुलंही येतील, खुणांची भाषा शिकतील. सात दिवस, सकाळी आठ ते अकरा. त्यात काय आहे?”

मुग्धाने ते हाताने सांगितलं. एरवी माझं बोलणं संपलं की गार्गी आईकडेच बघत उत्तर देते. त्या दिवशी तिने मान वळवली, थेट माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ही त्यांची टाळी. परतीची वाट तिथेच बंद झाली.

आमच्या ले-आउटचं, म्हणजे वसाहतीचं, समाजभवन रुपरावजींच्या ताब्यात आहे. रुपरावजी सोसायटीचे सचिव, कृषी खात्यातून निवृत्त, आणि अजूनही प्रत्येक माणसाकडे त्याच्यावर कीड पडली आहे का अशा नजरेने बघतात.

“समाजभवन देऊ ना जी, काहून नाही देणार!” ते म्हणाले. “पण अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहा लागते. लग्न, तेरवी, भजन, योगा. यातलं तुमचं काय आहे?”

“शिबिर.”

“शिबिर नाही त्याच्यात.” त्यांनी बराच वेळ विचार केला. “योगा टाका. लेकरं हात हालवूनच राहतीन ना.”

मी योगा टाकला. मग त्यांनी प्रेमाने मला बसवून घेतलं आणि गार्गीच्या कानात लसणाचं कोमट तेल घालायचा सल्ला दिला. दहा वर्षांत हा सल्ला मला साधारण चाळीस माणसांनी दिला आहे. ज्यांचा तेलावर विश्वास नसतो, ते नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरचा पत्ता देतात. धंतोलीत आम्ही इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत की गार्गी वाचायला शिकली ती तिथल्या पाट्यांवरून. पण हे सगळं सांगत बसायला माणसाच्या अंगात बळ लागतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे “बघतो” म्हणालो.

रुपरावजींचा होकार पुरेसा नव्हता. सार्वजनिक जागी इतकी माणसं जमणार म्हटल्यावर एका कार्यालयाची परवानगी लागत होती. कोणत्या, ते मी सांगणार नाही. माझी पेन्शन अजून चालू आहे. चौतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. अलीकडची खुर्ची इतकी टणक असते हे मला ठाऊक नव्हतं.

तिथल्या बाबूने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

“लाऊडस्पीकरचा कॉलम रिकामा आहे.”

“लाऊडस्पीकर नाही आहे.”

“कार्यक्रम आहे ना?”

“हो.”

“मंग लाऊडस्पीकर असनच.”

“अहो, मुलांना ऐकू येत नाही. बधिर मुलांचं शिबिर आहे.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे दयेने बघितलं. “मंग तं भल्ल्या जोरात लावान तुम्ही.”

मी तीन दिवस गेलो. लाऊडस्पीकर वापरणार नाही असं लिहून द्यायला तयार होतो, पण वापरणार नाही याचा छापील नमुना त्यांच्याकडे नव्हता. वापरणार याचाच होता. आणि सही नमुन्यावरच होते, हे मी कोणाला सांगणार? स्वतः हजारो लोकांना सांगितलेलं वाक्य आहे ते. चौथ्या दिवशी मी निमूटपणे तो नमुना भरला. बधिर मुलांच्या शिबिरासाठी सकाळी आठ ते अकरा, दोन भोंगे लावण्याची लेखी परवानगी शिक्क्यासह माझ्या हातात पडली. येताना चौकात उभा राहून मी उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यालो, तरी डोकं थंड होईना.

गार्गी धरून बधिर मुलं आठ ठरली होती. त्यातल्या दोघी नरखेड तालुक्यातल्या, त्या आमच्याकडेच राहणार होत्या. ले-आउटमधली मुलं किती येतील याची मला काळजी होती. मी ले-आउटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश टाकला : ‘साइन लँग्वेज शिकण्याची सुवर्णसंधी.’ संध्याकाळपर्यंत पंधरा नावं आली. मी ताराला म्हटलं, “लोक वाटतात तितके वाईट नाहीत.”

दुसऱ्या दिवशी समोरची भावना आली. “काका, आमच्या पियुषचं पायथन झालं आहे. ही लँग्वेज त्याच्यानंतरची आहे का?”

तेव्हा मला उलगडा झाला. पंधराच्या पंधरा आयांना ही कॉम्प्युटरची भाषा वाटली होती. खुलासा करायला मी तोंड उघडलं, पण बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होतं आणि चार दिवसांचं कार्यालय अंगात मुरलेलं होतं.

“त्याच्यानंतरचीच आहे,” मी म्हणालो. माझ्या हिशेबाने मी खोटं बोललो नाही.

शिकवायला मुग्धाने रामटेकच्या भैरवी मॅडमचं नाव सुचवलं. पंचविशीची मुलगी, बधिर मुलांच्या एका शाळेत शिकवते, रोज पहाटेच्या एसटीने येईन म्हणाली. शिष्टाचार म्हणून मी स्वतः फोन केला. तिने कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. हल्लीच्या पिढीला वडीलधाऱ्यांशी कसं वागावं हे कळत नाही, असं मी ताराला ऐकवत असतानाच तिचा फोन आला. मी तो कानाला लावून शिबिराची रूपरेषा, उद्देश आणि माझा अल्पपरिचय सांगितला. पलीकडून चकार शब्द नाही. तेवढ्यात मुग्धा खोलीत आली आणि तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“बाबा, हा व्हिडिओ कॉल आहे. भैरवी स्वतः बधिर आहे. दोन मिनिटं ती तुमचा कान बघून राहिली आहे.”

पडद्यावर ती मुलगी हसू दाबत नमस्कार करत होती. मी कानावरचे केस कापायला हवेत, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

शिबिराचा पहिला दिवस उजाडला. मी हौसेने मोठा फ्लेक्स लावला होता : ‘मूकबधिर बालकांचे उन्हाळी शिबिर.’ भैरवी मॅडमने दारातच तो वाचला. मग पर्समधून कागद काढला, खुर्चीवर चढली आणि ‘मूक’ या अक्षरांवर कागद चिकटवला. मुग्धाला तिने काहीतरी सांगितलं.

“ती म्हणते, बधिर आहोत. मुके कुठे आहोत? सकाळपासून बोलतोच आहोत.”

मी मान डोलावली. नंतर शिबिरभर तो कागद कूलरच्या वाऱ्याने फडफडत माझी आठवण काढत होता.

उद्घाटनाला अध्यक्ष हवाच असा रुपरावजींचा आग्रह होता आणि अध्यक्ष तेच होते. त्यांनी माइक आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. माझंही सतरा मिनिटांचं भाषण तयार होतं. ऑफिसात निरोपसमारंभ असला की सूत्रसंचालन माझ्याकडे असे. माझ्या आवाजाबद्दल लोक चार शब्द चांगले बोलत. मी सुरुवात केली, “ज्ञानगंगेच्या या पवित्र तटावर जमलेल्या माझ्या बालमित्रांनो...” शेजारी मुग्धा हाताने सांगत होती. माझं हे वाक्य तिने एका खुणेत संपवलं आणि वाट बघत उभी राहिली. पुढचं वाक्य मी अधिक लांब केलं. तिने तेही एका खुणेत संपवलं. बधिर मुलं माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती. ती आपसात गप्पा मारत होती, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या आवाजाला त्या आठ डोक्यांवर काडीचीही पकड नव्हती.

चौथ्या मिनिटाला गार्गीने काहीतरी केलं आणि सगळी आठ जणं खदखदून हसली.

“त्यांनी तुम्हाला नाव दिलं, बाबा,” मुग्धा म्हणाली. “त्यांच्यात प्रत्येकाला एक खूण असते. मान आहे तो.”

खूण अशी होती : तोंडासमोर हाताची चोच करून ती सारखी उघडायची-मिटायची. मी त्याचा अर्थ ‘वक्ता’ असा घेतला. पियुषने तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. “काका, ते बडबड्या म्हणून राहिले तुम्हाला.”

हा पियुष पहिल्या दिवशी कॉम्प्युटर कुठे आहे म्हणून रुसून बसला होता. भावना माझ्याशी बोलेनाशी झाली. पण तोंड न उघडता वर्गात वाट्टेल तेवढं बोलता येतं हे पोरांना एकदा कळल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. तिसऱ्या दिवसापासून वेगळ्या तक्रारी सुरू झाल्या. जेवणाच्या टेबलावर बहीण-भाऊ हाताने बोलतात आणि आईबापांना पत्ता लागत नाही. “आमच्याबद्दल काय बोलतात ते तरी शिकवा,” असं एका वडिलांनी मला रस्त्यात अडवून सांगितलं. मी काय शिकवणार? मला तोवर नमस्कार, पाणी, बस आणि थांब एवढ्या चार खुणा येत होत्या, आणि ‘पाणी’ मी अशी करत असे की मुलं मला रुमाल आणून देत.

चौथ्या दिवशी रुपरावजी लेखी तक्रार घेऊन आले.

“विश्वनाथजी, आवाज भल्ला येऊन राहिला.”

“कशाचा?”

“शिबिराचा! मले वाटलं, बहिऱ्यांचं शिबिर म्हणजे कशी शांतता राहीन. हे तं लग्नाच्या वर झालं. मिसेसचं बीपी वाढून राहिलं.”

तक्रार खोटी नव्हती. कोणाला बोलवायचं तर बधिर मुलं जमिनीवर पाय आपटतात, टेबल बडवतात, आणि हसतात तेव्हा आवाजाला लगाम घालायची त्यांना गरज वाटत नाही. त्यांचं बघून बाकीची पंधराही पाय आपटायला शिकली होती. समाजभवनाचा पत्रा थरथरत होता. मी न बोलता खिशातून दोन भोंग्यांचा परवाना काढून रुपरावजींच्या हातात दिला. त्यांनी शिक्का उजेडात धरून तपासला.

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले. “परमिशन असल्यावर काय बोलणार माणूस!”

चौतीस वर्षांत कोणत्याही कागदाने मला इतकं समाधान दिलं नव्हतं.

त्याच दिवशी वीज गेली. उन्हामुळे आम्ही समाजभवनाच्या खिडक्या बंद करून पडदे ओढले होते, त्यामुळे एकदम काळोख झाला. भैरवी मॅडम वाघाची गोष्ट सांगत होती. वाघाने झेप घेतली आणि गोष्ट हवेतच थांबली. ले-आउटच्या पोरांनी किंचाळून घेतलं. बधिर मुलांकडून मात्र काही नाही. एकाएकी त्यांच्यातला प्रत्येक जण एकटा पडला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एक लहान हात माझा हात चाचपडत आला. गार्गीचा होता, बोटातली अंगठी ओळखीची. मी सवयीने, खणखणीत आवाजात म्हणालो, “घाबरू नकोस बाळा, आजोबा आहेत.” अंधारात मी कोणाशी बोललो? मग मी तोंड मिटलं आणि तिचा हात दाबून ठेवला. कोणीतरी दार उघडेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेवटच्या दिवशी सहल हवी असं मुलांनी ठरवलं आणि रामटेक हे भैरवी मॅडमने. शेहेचाळीस अंशांत गडावर मुलं न्यायची? ऊन लागू नये म्हणून ताराने सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा घातला, डोक्याला दुपट्टे बांधले, डबाभर पन्हं दिलं. मी जबाबदार माणूस म्हणून नवीकोरी शिट्टी विकत आणली होती. ती मी गळ्यात अडकवली तेव्हा तारा फक्त म्हणाली, “अहो, कोणासाठी?” मी ती काढून पिशवीत टाकली.

पहाटे साडेपाचला मिनीबस निघाली आणि साडेसातपर्यंत आम्ही गडावर होतो. सगळं सुरळीत चाललं होतं. मी पिशवी घेऊन मागे राहिलो आणि मुलं मोजत होतो. वीसपर्यंत आलो आणि पिशवी खांद्यावरून गेली. वळून बघतो तर एक वानर ती घेऊन कठड्यावरून पळत होतं. पिशवीत मुलांची यादी, शिट्टी आणि माझा मोबाइल. मी त्याच्यामागे गेलो. साठीच्या माणसाने वानरामागे जाऊ नये, हे आता मला कळतं. त्याने दोन भिंती ओलांडल्या, मी एकही नाही. परत आलो तेव्हा पायऱ्यांवर आमचं एकही मूल नव्हतं. मुग्धा नाही, भैरवी नाही, गार्गी नाही.

गर्दी वाढत होती. कठड्याच्या पलीकडे सरळ उतार. मी ओरडत सुटलो, “गार्गीऽऽ! गार्गीऽऽ!” या पायऱ्या, त्या पायऱ्या. दर्शनाला आलेली माणसं थांबली.

“काय झालं बाबूजी? पोरगी हरवली?”

मला मान हलवण्यापुरताच दम होता.

“नाव काय म्हणता? गार्गी? अरे, हाका मारा रे सगळे जण!”

आणि तीस-चाळीस अनोळखी माणसं, बाया, म्हातारे एका सुरात ओरडू लागले, “गार्गीऽऽ!” गड दणाणला. तिला ऐकू येत नाही हे त्या भल्या माणसांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी त्यांच्याबरोबर ओरडत राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हाका थांबल्या तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. बऱ्याच खाली, पायऱ्यांच्या वळणावर एका झाडाच्या सावलीत दुपट्टे बांधलेली रांग उभी होती आणि सगळ्यांचे हात वर हलत होते. सर्वांत पुढे गार्गी. तिने आधी तोंडासमोर चोच उघडली-मिटली, म्हणजे मी. मग हात पुढे करून थांबायला सांगितलं, मग बसायला. हे मला कळलं. मध्ये कोणी नव्हतं, मुग्धा तिच्या मागे उभी होती आणि काही सांगत नव्हती, आणि मला कळलं! पुढे तिने बोट नाचवून आणखी काहीतरी सांगितलं, ते मात्र डोक्यावरून गेलं. मी नुसताच बघत राहिलो.

शेजारचा पागोटंवाला म्हातारा म्हणाला, “ते पोरगी म्हणून राहिली, तिथंच बसा चूपचाप, कुठी जाऊ नका. दिसत नाही का तुमाले?”

मी पायरीवर बसलो. दहा मिनिटांनी गार्गी धापा टाकत वर आली आणि तिने माझं मनगट घट्ट पकडलं. मागून मुग्धा आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

“बाबा, अर्धा तास शोधून राहिलो तुम्हाला. फोनही उचलत नव्हते. ती म्हणते, आजोबा हरवले होते, मी शोधले.”

“सापडली का पोरगी?” कोणीतरी विचारलं.

“सापडली,” मी म्हणालो. गर्दीने टाळ्या वाजवल्या. गार्गीने त्या आपल्यासाठीच आहेत असं समजून सर्वांना नमस्कार केला.

परतताना गडाखाली बसचा फॅनबेल्ट तुटला. ड्रायव्हर नत्थू म्हणाला, “एक घंटा लागन.” नागपुरात एक घंटा म्हणजे किती, हे नागपूरकरांना सांगायला नको. भैरवी मॅडमने सगळ्यांना चालवत आपल्या घरी नेलं. तिच्या आईने, तुळसाबाईंनी, सव्वीस माणसं दारात बघून कपाळाला आठी घातली नाही. चुलीवर पिठलं टाकलं, तांदूळ वैरला, आणि मुलीशी हाताने बोलत बोलत पानं वाढली. कोणत्या पोराला काय हवं ते त्या स्वतःच विचारत होत्या. मी ओसरीवर भिंतीला टेकून बघत होतो.

“तुम्हाला छान येते ही भाषा,” मी म्हणालो.

“कुठची छान! मले पोरीसंगं बोलता यायले बारा वर्सं लागले जी.” त्यांनी पदराने घाम पुसला. “आधी मी नुसती वरडो तिच्या अंगावर. लोक म्हणत, जोरानं बोल, आयकू यीन. ते शाळेतून ये अन् हात हालवून काही काही सांगे. मी म्हणो, जा, पाय धू. एक दिवस तिनं सांगनंच सोडलं. घरात ये, जेवे, झोपे. तवा भेव वाटलं मले. मंग शिकली.”

त्या पुन्हा चुलीकडे गेल्या. माझ्या हातातलं पिठलं निवून गेलं. कोणाचीही चूक काढायला मला आजवर कधी शब्द शोधावे लागले नाहीत. स्वतःची काढायला मला त्या दुपारी एकही सापडला नाही.

बस चारला दुरुस्त झाली. साडेचारला आम्ही निघालो तेव्हा मुलं एकमेकांच्या खांद्यांवर कलंडली होती. मुग्धा झोपली, भावनाचा पियुष तोंड उघडं टाकून झोपला. गरम वारा खिडकीतून तोंडावर येत होता. माझे गुडघे, पाठ, घसा, सगळे आपापल्या परीने राजीनामा देत होते. गार्गी मात्र टक्क जागी. माझ्या शेजारी बसून ती मला दिवसभराची हकिकत सांगायला लागली. वानर, पिशवी, पायऱ्या, मी. चारातली एक खूण कळत होती. बाकीच्या तीन मी मान हलवून पुढे जाऊ देत होतो.

आता, डोळे मिटून ऐकण्यात मी पारंगत आहे. साहेबांच्या मीटिंगा मी तशाच ऐकल्या. ताराचंही बरंचसं तसंच ऐकतो. अधूनमधून ‘हं’ म्हटलं की काम भागतं. त्याच सवयीने, मान हलवता हलवता, माझे डोळे मिटले.

डाव्या पापणीवर दोन बोटं टेकली. त्यांनी ती पापणी अलगद वर उचलली. समोर अगदी जवळ गार्गीचं तोंड होतं, कपाळाला आठ्या. तिने माझी दुसरी पापणीही उघडली, दोन्ही नीट उघड्या राहतात का ते बघितलं, आणि मग मागे सरून वानरापासून पुन्हा सुरुवात केली.

नागपूर अजून दीड तास लांब होतं. मी सीटवर तिच्याकडे वळून, सरळ बसलो.